मेलेली तार

सुलतानपूर,
१४ नोव्हेंबर १९६९

निवृत्ती,

तुझा पत्ता परवा मिळाला. मोताळ्याच्या गाडीवरचा एक कंडक्टर आमच्या गल्लीतला जावई आहे. त्यानं सांगितलं, तू तिकडं एका जिनिंगमध्ये कामाला आहेस आणि बाजाराच्या मागं राहतोस. पत्ता अर्धवटच आहे, पण टपालवाले शोधतील. तुला बारीक अक्षर लागत नाही, तेव्हा हे बहुधा मंजुळाच वाचून दाखवील. तिला आशीर्वाद. तानावहिनींना नमस्कार.

विशेष काही नाही. गावात वीज आली, एवढं कळवायचं होतं. दिवाळीच्या आठ दिवस आधी चावडीसमोरच्या खांबावर दिवा लागला. अर्जुनराव आता शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष झालेत, त्यांच्याच हातून नारळ फुटला. लोक तासभर दिव्याकडं बघत उभे होते. मीही होतो. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला सायकल काढली आणि नाल्यावर गेलो. खूप दिवसांनी गेलो. टेलिग्राफच्या जुन्या तारेला आपला जोड दिला, लोखंडी खुंटी ओल्या मातीत ठोकली आणि यंत्र कानाला लावलं.

काही नाही रे. नुसतं गुंऽऽ. पिठाच्या गिरणीच्या भिंतीला कान लावल्यासारखं. विजेच्या तारांची ती घरघर सगळ्या रानात पसरली आहे, आणि आपले आवाज तिच्याखाली बुडाले. अर्धा तास बसलो. एकही ऐकू आला नाही.

परत येताना तू पहिल्यांदा शाळेत आलास तो दिवस आठवला. महाराष्ट्र होऊन वर्ष झालं होतं. लोणारकडं जाणारी जुनी तार टपाल-तार खात्यानं बंद केली होती आणि नवी दुसऱ्या खांबांवर ओढली होती. जुनी तशीच दहा मैल उभी. मी सातवीला विज्ञान शिकवत होतो आणि तू दारात, खांद्यावर लाइनमनची पिशवी.

"मास्तर, जरा या. मेलेली तार बोलून राह्यली."

मी हसलो. "काय बोलते?"

"आइकाल तवा समजन."

नाल्यावर नेऊन तू तपासणीचं कानाचं यंत्र माझ्या हातात दिलंस. कढईत ज्वारीच्या लाह्या फुटाव्यात तसं चट, चट, चटचट. मी यंत्र दुसऱ्या कानाला लावून बघितलं. पुढं एका मासिकात वाचलं तेव्हा कळलं, की दोन-दोन हजार मैलांवर कुठं वीज कडाडते, तिच्या लाटा जमीन आणि वरची हवा यांच्यात आपटत येतात आणि लांब तार त्या पकडते. कुणी बोलत नसतं, कुणी पाठवत नसतं. निसर्गाचाच आवाज. तुला हे समजावलं तेव्हा तू विचारलंस, "म्हंजे पाणी आफ्रिकेत पडून राह्यलं अन् आवाज सुलतानपुरात?"

"हो."

"मंग पाणी काऊन नाही येत इकडं?"

त्या वर्षी खरोखरच पाऊस नव्हता. 

खातं आता ती जुनी तार उतरवणार आहे म्हणे. मी बरा आहे. थकवा असतो. मुख्याध्यापक होऊन दोन वर्षं झाली, सगळा वेळ कागदांत जातो. घरात विमल ठीक आहे. उत्तर पाठव.

तुझा,
शेषराव


सुलतानपूर,
२१ डिसेंबर १९६९

निवृत्ती,

उत्तर आलं नाही. कदाचित पत्र पोचलंच नसेल. म्हणून पुन्हा लिहितो.

मागच्या आठवड्यात तार उतरवायला माणसं आली होती. तरणी पोरं. खांबावर चढायची त्यांची पद्धत मला आवडली नाही. तू पायात पट्टा अडकवून चढायचास, तसं कुणी करत नाही. मी बांधावर उभा राहून बघत होतो. एकानं विचारलं, "गुरुजी, काही काम होतं काय?" मी म्हटलं, काही नाही.

त्या संध्याकाळी जुनी वही काढावी असं वाटलं. मग आठवलं, वही माझ्याकडं नाही.

चार वर्षं आपण नेमानं बसलो, निवृत्ती. आठवड्यातून तीन दिवस तरी. अकोल्याहून आणलेले ट्रांझिस्टरचे सुटे भाग जोडून मी आवाज वाढवायची पेटी केली, ती कित्येकदा बिघडली. तुझे कान माझ्यापेक्षा चांगले. दिवस बुडाला की लाह्यांना शेपूट फुटायचं. रिकाम्या हंड्यात थेंब पडावा तसं टिंव, टिंव. ते आधी तूच ओळखलंस. आणि ती शीळही तुलाच आधी ऐकू आली. चौसष्ट सालचा माघ. पहाटेची गाडी चुकली म्हणून आपण परत नाल्यावर येऊन बसलो होतो. वरून खाली उतरत जाणारी एकच शीळ. जेमतेम एक सेकंद. तू माझा दंड इतका जोरात धरलास की दुसऱ्या दिवशीही दुखत होता.

"मास्तर, हे कोण वाजोलं?"

मी उत्तरेकडच्या एका वेधशाळेला पत्र घातलं. तिथल्या साहेबांचं उत्तर आलं, इंग्रजीत, टाइप केलेलं. ती शीळ म्हणजे विजेचीच लाट, पृथ्वीच्या चुंबकाच्या रेषेवरून आभाळात चढून दक्षिण गोलार्धात जाऊन आलेली. आपल्या भागात क्वचितच ऐकू येते. दोघांनीही ऐकत राहावं, दिवस-वेळ लिहून ठेवावी आणि दर तीन महिन्यांनी पाठवावी, असं लिहिलं होतं. तुझं नाव त्यांनी माझ्या नावाशेजारी लिहिलं होतं. मी वाचून दाखवलं तेव्हा तू दोनदा वाचायला लावलंस.

त्यानंतरच आपण वही केली. च म्हणजे चटचट, ट म्हणजे टिंव, श म्हणजे शीळ. तारीख, वेळ, आकडे. असा कागद परक्या माणसाच्या हाती पडला तर त्याला काय वाटेल, हा विचार तेव्हा मनात आला नाही.

पासष्टच्या सप्टेंबरात लढाई सुरू झाली आणि सगळ्यांनाच हेर दिसायला लागले. कुणीतरी वर कळवलं, की लाइनमन कानाला यंत्र लावून रोज नाल्यावर बसतो. पोलिसांनी तुला नेलं, तुझ्या पिशवीत वही सापडली. मी त्या दिवशी परीक्षेच्या कामासाठी मेहकरला गेलो होतो, हे तुला ठाऊकच आहे. परत येईपर्यंत सगळं होऊन गेलं होतं. नंतर तुम्ही लोक गाव सोडून गेलात, आणि भेट राहून गेली.

जे झालं ते झालं. पण माणसानं एकमेकांची खबर तरी ठेवावी.

शेषराव


सुलतानपूर,
१८ जानेवारी १९७०

निवृत्ती,

मंजुळाचं कार्ड आलं. चारच ओळी आहेत. ती लिहिते, "बाबा म्हणतात, पत्र पाठवू नका. वहीतलं अक्षर तुमचं होतं हे मला तेव्हाच माहीत होतं. माझ्या निबंधाच्या वहीत लाल शाईनं तुम्ही तसाच ट काढत होता."

कार्ड तीन दिवस खिशात आहे. पाठवू नका म्हणतोस, तरी हे एक पाठवतो. ती वाचणार आहे हे धरूनच लिहितो. आधीची दोन पत्रं तिच्यापासून लपवत लिहिली होती. तुझ्यापासूनही.

मी मेहकरला नव्हतो.

मी सायकलवर होतो. वडाच्या वळणावर आलो तेव्हा नाल्याजवळ जीप उभी दिसली. तू खाली बसलेला दिसलास आणि भोवती चार माणसं. एकाच्या हातात आपली वही होती. वही नेहमी माझ्याजवळ असायची. त्या दिवशी तुझ्याकडं कशी, ते तुला ठाऊक आहे. आदल्या संध्याकाळी मला ताप होता, म्हणून मीच वही तुझ्याकडं दिली आणि म्हणालो, आज तू आकडे मांड, मी उद्या नीट लिहून घेईन. मी सायकल वळवली. घाई केली नाही, म्हणजे कुणाला संशय येऊ नये. हे सुद्धा मला सुचलं.

ठाण्यात तुला विचारलं, वही कोणाची. तू म्हणालास, माझी. हे मला तिथल्या शिपायानं सांगितलं, तो माझा विद्यार्थी होता. तो हसून म्हणाला, "सर, त्याले सही करता करता घाम सुटते अन् म्हणते वही माही." म्हणजे त्यालाही कळलं होतं. तू माझी वाट बघत होतास का? मास्तर येतील, साहेबांचं पत्र दाखवतील, दोन वाक्यांत सुटका होईल, असं तुला वाटलं असेल. सतरा दिवस तू आत होतास, निवृत्ती. मी रोज शाळेत गेलो, फळ्यावर तारीख लिहिली, हजेरी घेतली.

दहाव्या दिवशी तानावहिनी घरी आल्या. दारातच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "मास्तर, त्या साहेबाचं पत्र हाय ना तुमच्यापाशी? ते मले द्या. मी नेऊन दाखोतो. तुमचं नाव नाही घेत."

मी सांगितलं, ते पत्र हरवलं.

ते हरवलेलं नव्हतं. आत्ताही माझ्यासमोर आहे.

हेरगिरीचं काही सिद्ध झालं नाही, तुला सोडलं. पण संशयास्पद वागणूक आणि परवानगीशिवाय तारेला जोड, असं लिहून खात्यानं तुला नोकरीवरून काढलं. वेधशाळेच्या त्या एका कागदानं तुझी नोकरी वाचली असती. निदान जोड कशासाठी दिला ते तरी कळलं असतं. मंजुळा सातवीत होती, वर्गात पहिली. नवरात्रात तुम्ही गाव सोडलं. मी खिडकीतून बैलगाडी बघितली. गाडीत तिची पाटी उलटी ठेवली होती.

मी बुलढाण्याला खात्याच्या कचेरीत जाणार आहे. जे आहे ते लिहून देतो. उशिरानं काय उपयोग, ते मला विचारू नकोस. मला माहीत नाही.

शेषराव


सुलतानपूर,
८ मार्च १९७०

निवृत्ती,

बुलढाण्याला जाऊन आलो. एकदा नाही, तीनदा. पहिल्या दिवशी साहेब दौऱ्यावर होते. दुसऱ्या वेळी फाइल सापडेना. तिसऱ्या वेळी सापडली, वर धूळ होती. आपली वही त्यात बांधलेली होती. मला हात लावू दिला नाही. लांबूनच बघितली.

साहेब माझ्यापेक्षा तरुण. त्यांनी वेधशाळेचं पत्र वाचलं, मग माझं चार पानी निवेदन. मग चष्मा काढला.

"गुरुजी, हे पत्र चार वर्षं कुठं होतं?"

"माझ्याजवळ."

"हरवून सापडलं का?"

ते मला वाट काढून देत होते. हो म्हटलं असतं तर सगळंच सोपं झालं असतं. मी म्हटलं, "नाही. लपवलं होतं."

त्यांनी ते वाक्य मला माझ्या हातानं निवेदनाखाली लिहायला लावलं. लिहिलं. वेधशाळेलाही विचारणा करतो म्हणाले. माझ्याकडून गेलेले पहिले दोन तक्ते तिथं असतील, त्यावर दोघांची नावं आहेत. हुकूम व्हायला दोन-तीन महिने लागतील. होईलच असं नाही.

गावात हे लपून राहिलं नाही. अर्जुनरावांनी घरी बोलावलं. चहा दिला आणि म्हणाले, "मास्तर, लिहून द्यायच्या आंधी मले इचारायले पाह्यजे होतं. आता लोक म्हणतीन, तारेवर बसणारा मास्तरच होता अन् गरिबाले पुढं केलं."

मी म्हटलं, "लोक बरोबर म्हणतील."

 गेल्या महिन्याच्या पंधरा तारखेपासून मी मुख्याध्यापक नाही. पुन्हा सातवीचा वर्ग. त्याचं फार वाईट वाटलं असं नाही. खुर्ची सोडताना टेबलाचा खण रिकामा केला, त्यात फक्त खडू निघाले.

विमलला मी घरी येऊन सांगितलं, सगळं. ती भाकरी थापत होती. थापायची थांबली नाही. म्हणाली, "मले माहीतच होतं. तानाबाई आली तवा मी सयपाकघरात होती. तुम्ही खोटं बोलले ते मी आइकलं." मी विचारलं, मग बोलली का नाहीस? ती म्हणाली, "तवा माह्या पोटात पोर होतं. मलेही वाटलं, तुम्ही घरात राहावं." ते पोर राहिलं नाही, हे तुला ठाऊक नसेल. आम्ही दोघं त्यानंतर या विषयावर कधीच बोललो नव्हतो. त्या रात्री जेवताना ती एवढंच म्हणाली, की तिला आता जरा बरं वाटतंय. मला अजून वाटत नाही.

हुकूम आला तर तुझ्याकडं थेट येईल. मी येऊ का, हे विचारत नाही. एक दिवस येईन.

शेषराव


सुलतानपूर,
२८ जून १९७०

सौ. तानावहिनी यांस,

हे पत्र निवृत्तीला नाही, तुम्हाला आहे. परवा मी मोताळ्याला तुमच्या घरी आलो तेव्हा तुम्ही नव्हता. विळीवर अर्धी चिरलेली गवार होती आणि चूल पेटलेली होती. मंजुळा म्हणाली, आई शेजारी गेली. माझी गाडी निघेपर्यंत तुम्ही शेजारीच होता. बरोबरच केलंत. पण मग तिथं काय बोलणं झालं, ते तुम्हाला माझ्याकडूनही कळावं.

हुकूम निवृत्तीनं मला दाखवला. संशय निराधार, नोकरीवर परत घ्यावं. तुम्ही तो कागद आठवडी बाजाराच्या दिवशी मोताळ्याच्या चावडीवर नेऊन मोठ्यानं वाचून घेतलात, दोनदा, हे मंजुळानं सांगितलं. ज्या दोन घरांनी सोयरिकीच्या वेळी तिला हेराची पोरगी म्हणून नाकारलं, त्यांच्या दारातही नेऊन वाचलात. ते ऐकताना मला खाली बघावं लागलं.

मग निवृत्तीनं धोतर वर करून गुडघा दाखवला. रुईची गाठ पायावर पडली, दोन वर्षं झाली. मला माहीत नव्हतं. वाकतच नाही. खांबावर चढणाऱ्या माणसाला खांब परत दिला, आणि त्याला चढता येत नाही. "भांडाराची राखण देतो म्हणतात, बुलढाण्याले," तो म्हणाला. "पाह्यतो. अजून काही ठरोलं नाही." आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

मंजुळाला मी म्हटलं, पुन्हा शिक, मी पुस्तकं देतो. ती म्हणाली, "शिकूनच राह्यली मी. मॅट्रिकचा फारम भरला. बाहेरून बसते." पुस्तकांबद्दल ती काही बोलली नाही. मीही पुन्हा बोललो नाही.

जेवायला बसलो तेव्हा निवृत्तीनं घास हातातच धरून विचारलं.

"मास्तर, तुम्ही भेले, हे मले समजलं. लढाई होती, सारेच भेत होते. सायकल वळवली, तेही समजलं. मीही वळवली असती, काय सांगावं. पण माही बायको तुमच्या दारात आली होती. तिले खोटं काऊन सांगतलं?"

 मी हातातला तुकडा ताटात ठेवला. त्यानं माझ्या ताटात वरण वाढलं आणि दुसरं काहीतरी बोलायला लागला. नंतर तो पाय ओढत स्टँडपर्यंत आला. मी नको म्हणत होतो. गाडी लागली तेव्हा म्हणाला, "आता येत जा, असं मी म्हणत नाही. पण आले त जेवल्याशिवाय जाऊ देत नाही."

त्याच्या प्रश्नाचं उत्तर त्याला देण्यात अर्थ नाही. खोटं मी तुम्हाला सांगितलं होतं.

वहिनी, मी घाबरलो होतो हे खरं आहे, पण ते अर्धंच आहे. तुम्ही दारात उभ्या होता तेव्हा माझ्या मनात असं आलं, की निवृत्तीचं काय, हातापायानं धड आहे, कुठंही कमवून खाईल. मी शिक्षक. माझं नाव गेलं तर मी कुठं जाऊ? दोन माणसांत कोण बुडावं, हे मी तेवढ्या वेळात ठरवलं, आणि ज्याला बुडवायचं त्याच्या बायकोकडं बघून ठरवलं. तुम्ही म्हणालात, तुमचं नाव नाही घेत. तुम्ही घेतलंही नसतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. पत्रात माझं नाव असलं, तरी ते वाचल्यावर संशयच उरला नसता, म्हणजे ते देण्यात मला तसा धोकाही नव्हता. तरी दिलं नाही. कारण दिलं असतं, तर दहा दिवस ते माझ्याजवळ असून मी दडवलं, हे एका माणसाला तरी कळलं असतं.

तुम्ही क्षमा करावी म्हणून हे लिहीत नाही. तुम्ही त्या दिवशी माझ्यावर विश्वास ठेवून परत गेलात. जाताना, बाहेर आलेल्या विमलच्या पाया पडलात आणि म्हणालात, "सापडलं त कळवजा."

एक गोष्ट मी निवेदनात लिहिली नाही, निवृत्तीला सांगितली नाही, विमललाही ठाऊक नाही. तुमची सावली अंगणात दिसली तेव्हा मी उठून आतली लोखंडी पेटी दाराशी ओढली आणि तिच्यावर बसलो. तुम्हाला वाटलं असेल, बसायला घेतली. पत्र त्या पेटीत होतं. तुम्ही बोलत होता तोवर मी त्याच्यावर बसून होतो.

शेषराव